बोलतात सारे, सांगत कोणीच नाही

स्पॅनिश दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोव्हार यांच्या ‘आब्ले कोन एया’ या चित्रपटाचे नाव मराठीत आणायचे झाले, तर ते ‘तिच्याशी बोला’ असे होईल. २००२ साली तो प्रदर्शित झाला, पुढल्या वर्षी उत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले आणि तेव्हापासून एकनिष्ठ प्रेमाची कथा म्हणून तो वाखाणला जात आहे. त्याची गुणवत्ता आम्ही नाकारीत नाही. तो सुमार असता, तर त्यावर लेखणी झिजविण्याचे कारणच नव्हते. इस्पितळात बेशुद्ध पडलेल्या एका तरुणीवर तिची शुश्रूषा करणारा परिचारकच अत्याचार करतो, हा या चित्रपटाचा गाभा आहे. आणि प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतो तो त्या तरुणीसाठी नव्हे, त्या परिचारकासाठी. हे कसे साधले जाते, आणि साधले जावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. आलिसिया ही नृत्य शिकणारी मुलगी. मोटार अपघातानंतर चार वर्षे ती एका खाजगी इस्पितळात कोमात आहे. बेनिग्नो हा तिचा परिचारक. या स्पॅनिश नावाचा अर्थच सौम्य, निरुपद्रवी असा होतो. तारुण्याची सारी वर्षे त्याने घरात आईची सेवा करण्यात घालविली. तिच्यासाठीच तो शुश्रूषा शिकला, केशरचना शिकला, प्रसाधन शिकला. घराच्या खिडकीतून समोरची नृत्यशाळा दिसे, तिथे त्याने आलिसियाला पाहिले. तिच्या मागोमाग तो तिच्या घरापर्यंत गेला. तिचे वडील मनोविकारतज्ज्ञ. त्यांचा दवाखाना घरातच. तेव्हा रुग्ण म्हणून वेळ घेऊन तो आत शिरला आणि तिच्या खोलीत जाऊन तिचा केसांचा चिमटा खिशात घालून बाहेर पडला. अंघोळीहून बाहेर आलेली मुलगी त्याला पाहून दचकली. पुढे तिला अपघात झाला, आणि तिच्या वडिलांनी उत्तम परिचारक म्हणून नेमला तो हाच.

मार्को हा दुसरा पुरुष, प्रवासवर्णने लिहिणारा. त्याची प्रेयसी लिदिया बैलांशी झुंज खेळणारी. बैलाने फेकल्यामुळे तीही त्याच इस्पितळात बेशुद्ध. मार्कोला तिच्या निश्चल देहाला हात लावण्याचाही धीर होत नाही. बेनिग्नो त्याला सांगतो, तिच्याशी बोला. चित्रपटाचे नाव तिथून आले आहे.

सुरुवातीचा अर्धा भाग आम्ही मनापासून वाखाणतो. रुग्णसेवेचे इतके नेमके चित्रण पडद्यावर क्वचितच पाहावयास मिळते. ओल्या बोळ्याने अंग पुसणे, कूस पालटणे, चादर बदलताना देह क्षणभरही उघडा पडू नये म्हणून घेतलेली काळजी, नखे कापणे, तेल लावणे. हे सारे संथपणे, कोणतीही घाई न करता दाखविले आहे. आजाऱ्यांना कम्युनियन नेण्याच्या निमित्ताने आम्ही आजवर पुष्कळ खाटांपाशी उभे राहिलो आहोत. बेशुद्ध माणसाशी नेहमीसारखे बोलत राहणारी मावशी आणि त्याच्या अंगावरून फायलीवर बोलत राहणारा डॉक्टर, यांच्यातला फरक आम्हास ठाऊक आहे. म्हणूनच दिग्दर्शकाची नजर किती खरी आहे, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आणि नेमके याच ठिकाणी त्याने एक भयंकर सत्य पकडले आहे. रुग्णावर होणारा अत्याचार भिंत फोडून आत येत नाही. तो सेवेच्याच दाराने येतो. ज्या हाताला अंगाला स्पर्श करण्याची मुभा आहे, तोच हात. ज्या पडद्यामागे रुग्णाची लाज राखली जाते, तोच पडदा. रस्त्यावर अनोळखी पुरुषाने अंगाला हात लावला तर कोणतीही बाई ओरडेल. इस्पितळात ती स्वतःच गुंडी काढते, कारण समोरच्याने तसे सांगितलेले असते. हा विश्वास नसेल तर वैद्यकशास्त्र एक पाऊलही पुढे टाकू शकणार नाही. बेनिग्नोला दिग्दर्शकाने राक्षस केले नाही, याबद्दल आम्ही त्याला दोष देत नाही. राक्षस ओळखू येतात; त्यांना कोणी नोकरीवर ठेवीत नाही.

दोष पुढे सुरू होतो.

एका रात्री बेनिग्नो आलिसियाला आपण पाहिलेल्या एका मूकपटाची गोष्ट सांगतो. हा मूकपट आल्मोदोव्हार यांनीच रचलेला आहे. त्यात एक प्रियकर औषध पिऊन आकुंचन पावत जातो, अंगठ्याएवढा होतो आणि झोपलेल्या प्रेयसीच्या देहात कायमचा प्रवेश करतो. कृष्णधवल चित्रे, जुन्या धाटणीचा अभिनय, थोडा विनोद, थोडी करुणा. प्रेक्षक हसतो, हळवा होतो. त्याच वेळी इस्पितळाच्या त्या खोलीत काय घडत आहे, हे कॅमेरा दाखवीत नाही. पुढे पाळी चुकल्याची चर्चा होते तेव्हाच आपल्याला उलगडा होतो.

अत्याचार पडद्यावर दाखविला नाही, याची तक्रार आम्ही करणार नाही. कुटुंबवत्सल माणसाला तसले दृश्य नकोच असते, आणि चांगल्या कलेलाही त्याची गरज नसते. जर्मन लेखक क्लाइस्ट याने १८०८ साली ‘मार्क्विस ऑफ ओ’ या नावाने ओळखली जाणारी कथा प्रसिद्ध केली. त्यात मूर्च्छित पडलेल्या विधवेवर तिला वाचविणारा अधिकारीच अत्याचार करतो, आणि लेखकाने त्या जागी फक्त एक आडवी रेघ ओढली आहे. दोनशे वर्षे वाचक त्या रेघेपाशी अडखळत आहेत. पण रेघ आणि मूकपट यांत अंतर आहे. रेघ रिकामी असते. तिच्यात वाचकाला आपली अस्वस्थता भरावी लागते. मूकपट भरलेला आहे, आणि तो पुरुषाच्या स्वप्नाने भरलेला आहे. त्या स्वप्नातील स्त्री झोपेत सुखावते. आलिसिया सुखावली की नाही, हे विचारण्याची सोयच दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. क्लाइस्टची नायिका गरोदर असल्याचे कळताच वर्तमानपत्रात जाहिरात देते की, या मुलाच्या पित्याने समोर यावे. अब्रूची पर्वा न करता ती जगाला प्रश्न विचारते. आलिसियाच्या वाट्याला एकही प्रश्न आलेला नाही.

यानंतर जे येते ते आम्हास सर्वांत अधिक खटकते. आलिसियाला मृत मूल होते, आणि त्या प्रसूतीतून ती शुद्धीवर येते. चार वर्षांच्या औषधोपचारांनी जे झाले नाही, ते अत्याचाराच्या परिणामाने झाले. बेनिग्नो तुरुंगात आहे, त्याला हे कळत नाही. आपणही कोमात जाऊन तिला भेटू या वेड्या आशेने तो गोळ्या घेतो आणि मरतो. म्हणजे तो प्राण गमावतो आणि ती प्राण परत मिळविते. आमच्या वाचकांना हा साचा ओळखीचा वाटेल. एकाच्या मरणाने दुसऱ्याला जीवन, ही कोणाची कथा आहे ते सांगावयास नको. तो साचा उचलून दिग्दर्शकाने अपराध्याच्या अंगावर चढविला आहे. चमत्कार हा शब्द प्रेक्षकाच्या ओठांवर यावा, अशीच त्याची मांडणी आहे.

पापी माणसाविषयी करुणा बाळगणे आम्हास परके नाही. तुरुंगात मार्को बेनिग्नोला भेटावयास जातो, काचेपलीकडे दोघांची प्रतिबिंबे एकमेकांत मिसळतात, तो प्रसंग आम्हासही हलवून गेला. पण करुणेसाठी अपराधाचे रूपांतर उपकारात करावे लागत नाही. उलट, तसे केले की करुणेची गरजच संपते. ज्याने उपकार केला त्याला क्षमा कसली करावयाची?

चित्रपटाचे चाहते म्हणतील की दिग्दर्शक निवाडा देत नाही. मार्कोने बेनिग्नोला फटकारलेही आहे. खरे आहे. आलिसियाशी लग्न करण्याचा विचार बेनिग्नो बोलून दाखवितो, तेव्हा मार्को संतापतो, आणि हे लग्न नव्हे, एकतर्फी वेड आहे, असे त्याला बजावतो. चित्रपटातील सर्वांत शहाणी वाक्ये ती हीच. मात्र मार्को ती फक्त बेनिग्नोलाच ऐकवितो. इस्पितळात कोणाला सांगावे, हे त्याच्या मनातही येत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त परिचारिका आमच्यासोबत हा चित्रपट पाहत होत्या. मूकपटाची, संगीताची, पिना बाउश यांच्या नृत्याची चर्चा आम्ही करू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे एकच विचारले, “फादर, त्या मुलीच्या पाळीचा तक्ता कोण भरत होतं?” आम्ही ती दृश्ये पुन्हा लावली. तक्ता बेनिग्नोच्याच हातचा होता, आणि पाळी चुकल्याची गोष्ट अहवालात दडविलेली होती. बाई पुढे म्हणाल्या, “एकाच माणसाची दिवसपाळी, त्याचीच रात्रपाळी, आणि लिहिणाराही तोच. आमच्या मेट्रननं आठवडाभरसुद्धा असं चालू दिलं नसतं.”

या एका प्रश्नाने आमच्या सौंदर्यचर्चेची हवा काढून घेतली. तो प्रश्न घेऊन चित्रपट पुन्हा पाहिला की वेगळीच कथा दिसू लागते. सहकाऱ्यांच्या पाळ्या बेनिग्नो हौसेने स्वतःकडे घेतो. त्यांना सोयीचे वाटते. वडील त्याला त्याच्या आवडीनिवडीविषयी विचारतात, आणि आपला ओढा पुरुषांकडे आहे, असे खोटे सांगून तो त्यांची काळजी मिटवितो. मनोविकारतज्ज्ञ असूनही एवढ्या उत्तरावर ते विसंबतात. हाच मुलगा आपल्याकडे रुग्ण म्हणून येऊन गेला होता, याचा ते गांभीर्याने विचार करीत नाहीत. एका स्त्री-रुग्णाच्या देहाच्या शुश्रूषेच्या वेळी दुसरी स्त्री हजर असावी हा साधा नियम तिथे कधी असतो, कधी नसतो. ज्याला आपण प्रेमाची तन्मयता समजत होतो, ती देखरेखीतील भली मोठी फट होती. दिग्दर्शकाने या सगळ्या गोष्टी पडद्यावर ठेवल्या आहेत, हे त्याचे श्रेय. पण त्यांवर त्याने एवढा सुंदर प्रकाश टाकला आहे की त्या दिसेनाशा होतात.

इथे आपल्या मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने तळघरात हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. रुग्णांची सेवा करणारी ही मुलगी दुसऱ्या दिवसापासून स्वतःच रुग्ण झाली, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयात खाटेवर राहिली. पिंकी विराणी यांचे ‘अरुणाज स्टोरी’ हे १९९८ सालचे इंग्रजी पुस्तक ही कहाणी सांगते. साहित्यगुणांच्या दृष्टीने ते आल्मोदोव्हार यांच्या चित्रपटाच्या जवळपासही जाणार नाही. त्याचा सूर ठिकठिकाणी चढा आहे. तरीही या विषयावर बोलताना आम्ही ते चित्रपटाच्या शेजारी ठेवतो, कारण जे लिहिले गेले नव्हते ते त्याने लिहिले.

लिहिले गेले नव्हते ते असे. गुन्हा नोंदविला गेला तो चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढाच. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख तक्रारीत आला नाही. मुलीचे लग्न ठरले होते, तिची अब्रू जाईल, असे कारण त्यामागे सांगितले जाते. अत्याचार अनैसर्गिक स्वरूपाचा असल्यामुळे तत्कालीन कायद्यात त्याला बलात्कार म्हणता येत नव्हते. भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम होते, पण तेही लावले गेले नाही. अपराध्याला सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा झाल्या, त्याही एकत्र भोगावयाच्या. १९८० साली तो सुटला. अब्रूच्या नावाने पाळलेल्या मौनाचा लाभ कोणाला झाला, हे त्या हिशेबात दिसतेच. संस्थेच्या अब्रूची ही भाषा केवळ इस्पितळांची नव्हे. ज्या २००२ साली हा चित्रपट आला, त्याच वर्षी बोस्टन शहरातून आमच्या ख्रिस्तसभेतील अशाच मौनाची बातमी जगभर गेली. तेव्हा या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखविताना आमचा स्वर खालचाच असावा, हे आम्ही जाणतो.

के. ई. एम. च्या परिचारिकांविषयी मात्र मान खाली घालूनच लिहावे लागते. ऐंशीच्या दशकात महानगरपालिकेने अरुणाबाईंना रुग्णालयातून हलवू पाहिले तेव्हा त्यांनी विरोध केला. पिढ्या बदलल्या, ज्यांनी अरुणाबाईंना चालताबोलता पाहिले नव्हते अशा मुलीही त्यांना भरवू लागल्या. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विराणी यांची दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार या कर्मचाऱ्यांचाच, असे मानले. बेनिग्नोची चार वर्षांची सेवा अद्‌भुत म्हणून गाजली. इथे ४२ वर्षे झाली. आणि ती एका माणसाच्या मालकीची नव्हती, पाळीपाळीने अनेकांच्या हातून, अनेकांच्या नजरेसमोर झाली.

कायद्यालाही इस्पितळाची खाट वेगळी आहे हे समजावयास वेळ लागला. आपल्या विदर्भातील मथुरा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, देशभर गदारोळ झाला, आणि १९८३ च्या दुरुस्तीत कोठडीबरोबर रुग्णालयाचाही समावेश झाला. रुग्णालयातील कर्मचाऱ्याने आपल्या जागेचा गैरफायदा घेऊन तेथील स्त्रीशी संबंध ठेवला, तर बलात्काराची व्याख्या लागू होत नसली तरी तो गुन्हा ठरतो, असे ते कलम होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ६८ व्या कलमात आहे. रुग्णाचा होकार हा मोकळ्या माणसाचा होकार नसतो, एवढे शहाणपण त्या रूक्ष भाषेत आहे.

चित्रपटाची कथा कल्पित आहे, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. अमेरिकेतील फिनिक्स शहरात, लहानपणापासून पराधीन असलेली एक स्त्री वर्षानुवर्षे एका शुश्रूषागृहात होती. २९ डिसेंबर २०१८ रोजी ती प्रसूत झाली. ती गरोदर आहे हे त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, असे कर्मचाऱ्यांचे म्हणणे. बाळाच्या डी.एन.ए. वरून तिथलाच एक परिचारक सापडला आणि २०२१ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या स्त्रीला काही चमत्काराने जाग आली नाही.

फ्रान्समधील प्रकरण तर आल्मोदोव्हार यांच्या कथेचा अर्थच उलटा करून दाखविते. जोएल ल स्क्वार्नेक हा शल्यविशारद दशकानुदशके आपल्या रुग्णांवर अत्याचार करीत राहिला. त्यांतील बहुसंख्य मुले होती, आणि पुष्कळजण भुलीच्या अमलाखाली किंवा भुलीतून जागे होत असताना त्याच्या हाती सापडली. २००५ साली बालकांच्या अश्लील चित्रांबद्दल त्याला शिक्षा झाली होती. २००६ मध्ये एका सहकारी मनोविकारतज्ज्ञाने धोक्याची सूचनाही दिली. तरीही त्याची शस्त्रक्रियागृहे बंद झाली नाहीत. २८ मे २०२५ रोजी व्हान येथील न्यायालयाने २९९ बळींच्या प्रकरणात त्याला वीस वर्षांची शिक्षा सुनावली. तो रोजनिशी लिहीत असे. नावे तिच्यातून मिळाली. ज्यांना काहीच आठवत नव्हते अशा प्रौढ माणसांच्या दारी पोलीस गेले आणि तुमच्या बालपणी अमुक इस्पितळात तुमच्या बाबतीत असे घडले होते, हे त्यांना प्रथम त्यांच्याकडून कळले. काहींना त्याच वेळी आपल्या आयुष्यातील अकारण भीतीचा अर्थ लागला. काहींना वाटले, कळले नसते तर बरे. सांगावे की न सांगावे, हा प्रश्न त्या दारांत उभा होता, आणि तिथल्या यंत्रणेने सांगावयाचे ठरविले.

आल्मोदोव्हार यांच्या चित्रपटात हा प्रश्नच उद्भवत नाही. शुद्धीवर आल्यावर आलिसिया पुन्हा चालावयास शिकते, नृत्यशाळेत येते. आपण प्रसूत झालो होतो, हे तिला कोणी सांगितले काय? तिच्या देहाने तिला काही सांगितले असेल काय? पडद्यावर त्याचे उत्तर नाही. शेवटच्या प्रसंगी नाट्यगृहात मार्को आणि तिची भेट होते. दोघांच्या रांगांमध्ये एक खुर्ची रिकामी असते. दोघे एकमेकांकडे पाहतात आणि पडद्यावर दोघांची नावे उमटतात, म्हणजे नवी प्रेमकथा सुरू होणार. मार्कोला सारे ठाऊक आहे. नृत्यशिक्षिका कातेरीनालाही ठाऊक आहे. ती मार्कोला बाजूला घेते, दोघे घोळून घोळून बोलतात, आणि ज्या मुलीविषयी बोलणे चालले आहे ती दोन पावलांवर उभी असते. चार वर्षे बेशुद्ध होती तेव्हा सर्वजण तिच्याशी बोलत होते. ती जागी झाल्यावर मात्र तिच्याविषयी बोलू लागले.

दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून केले असेल, तर चित्रपटाचे नाव हा एक कडू उपरोध ठरेल, आणि आमचे निम्मे आक्षेप आम्ही मागे घेऊ. पण मूकपटाची गोडी आणि शेवटच्या नृत्याची प्रसन्नता पाहता तसे मानणे आम्हास जड जाते.

चित्रपट ११२ मिनिटांचा आहे. मुलाबाळांसह पाहण्याजोगा नाही. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना आणि इस्पितळे चालविणाऱ्या आमच्या व्रतस्थ भगिनींना तो अवश्य दाखवावा. मात्र मूकपट सुरू होण्यापूर्वी यंत्र थांबवावे, आणि त्या बाईंचा तक्त्याविषयीचा प्रश्न आधी विचारून घ्यावा.